कोकणातल्या दमट हवेत कानाचं मशीन: निगा, सेल, शिट्टी आणि सरकारी योजना (माहितीचा धागा)

खाडीकाठ

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हा धागा काढतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात तर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. श्रवणयंत्रासोबत येणारं माहितीपत्रक असल्या हवेचा विचार करून लिहिलेलं नसतं. त्यामुळे इथे "मशीन बिघडलं" म्हणून जे दुरुस्तीला जातं, त्यातलं बरंचसं बिघडलेलं नसतं, नुसतं ओलं झालेलं असतं.

कानामागच्या मशीनमध्ये (बीटीई) पहिला संशय नळीवर घ्या. कानातली हवा ३७ अंशांची आणि दमट. बाहेर पाऊस, गाडीवरचा वारा किंवा पंखा. नळीचा बाहेरचा भाग गार पडतो आणि आतल्या वाफेचं पाणी होतं. मोल्ड (कानाच्या साच्यावर घडवलेला, कानात बसणारा तुकडा) हुकपासून (मशीनचं कानावर अडकणारं वाकडं टोक) सोडवा आणि नळी उजेडासमोर धरा. वाकणाजवळ मोहरीएवढा थेंब चमकताना दिसेल. नळीची आतली पोकळी दोन मिलिमीटरसुद्धा नसते. तेवढा एक थेंब आडवा बसला की आवाज अडतो. माणूस म्हणतो "मशीन चालू-बंद होतंय". खरं तर थेंब पुढेमागे सरकत असतो.

उपाय म्हणजे रबरी फुगा, म्हणजे ब्लोअर. मोल्ड मशीनपासून वेगळा करून मगच नळीत दोन-तीनदा हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतून आणखी वाफ आत जाते. आणि मशीन जोडलेलं असताना फुगा मारलात तर तोच थेंब रिसीव्हरच्या (मशीनमधला छोटा स्पीकर) तोंडाशी जाऊन बसेल. पाच रुपयांच्या पाण्याने पाच हजारांचा खर्च होतो तो असा.

रात्रीचा क्रम रोज एकच ठेवा. मशीन काढलं की मऊ कोरड्या सुती कापडाने पुसायचं, सेलचं दार उघडून सेल बाहेर काढायचा, मोल्डच्या भोकातला मळ ब्रशने काढायचा (भोक खाली धरून, म्हणजे मळ आत जात नाही) आणि मशीन सुकवणीच्या डबीत ठेवायचं. सेल डबीत नको, तो बाहेर.

सुरंगी

धागा वेळेवर काढलात. सुकवणीच्या डबीबद्दल सविस्तर लिहिते, कारण डबी घरोघरी असते पण तिच्यातले सिलिका जेलचे दाणे कधीच मेलेले असतात.

रंग बदलणारेच दाणे घ्या. नारिंगी दाणे ओल प्यायले की हिरवट होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात नारिंगीच आणा. दाणे साधारण ५० ग्रॅम, डबी घट्ट फिरकीच्या झाकणाची. दाणे जाळीच्या पुरचुंडीत बांधा, सुटे दाणे किंवा त्यांचा चुरा माइकच्या भोकात जाता कामा नये.

आता मुख्य अडचण. घाटावरचे लोक सांगतात, दाणे उन्हात वाळवा. आपल्याकडे जुलैत ऊन कुठलं? आणि नुसत्या उन्हाने जेल नीट सुकत नाही, दाण्यांच्या आत मुरलेलं पाणी काढायला उष्णता लागते. ओव्हन असेल तर १२० अंशांवर तास-दीड तास. नसेल तर जुना जाड तवा अगदी मंद आचेवर ठेवून दाणे एका थरात पसरायचे आणि मूळ रंग परत येईपर्यंत अधूनमधून हलवायचे. आच वाढवली की नारिंगी दाणे काळपट पडतात आणि पुन्हा रंग दाखवत नाहीत. तो तवा स्वयंपाकाला परत वापरायचा नाही. दाणे गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून झाकण लावा आणि बरणीतच गार होऊ द्या. उघड्या ताटात गार करायला ठेवलेत तर तेवढ्या वेळात ते पुन्हा ओल प्यायला लागतात. पूर्ण गार झाल्याशिवाय मशीन त्यात ठेवू नका.

भर पावसाळ्यात डबी रोज उघडली तर दाण्यांचा रंग आठ-दहा दिवसांत पालटतो. म्हणून दाण्यांचे दोन संच ठेवा, एक डबीत, एक सुकवून बरणीत.

रातांबा

तांदळाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का? फोन भिजला की तसंच करतात. आणि केस वाळवायचा ड्रायर?

सुरंगी

रातांबा, दोन्ही नको. तांदूळ ओल फार कमी ओढतो, आणि त्याचं पीठ माइकच्या जाळीवर बसतं. केसांच्या ड्रायरची हवा फार गरम असते, तिने मोल्डची नळी सुटते आणि आतलं चिकटवलेलं सैल होतं. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. विजेवर चालणारी खास सुकवणी मिळते, ती साधारण ४० अंशांची ऊब देते. घरात दोन मशीन असतील तर ती घेणं मला योग्य वाटतं.

जांभा

सेलबद्दल भर घालतो. मशीनचा सेल झिंक-एअर जातीचा, म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन चालणारा. रंगावरून नंबर लक्षात ठेवा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. रंगीत पट्टी सोलल्यावर लगेच मशीनमध्ये घालू नका, तीन ते पाच मिनिटं उघडा ठेवा. हवा पूर्ण आत जाऊ दिली नाही तर सेलला पुरता जोर येत नाही आणि तो "नवा असून मेलेला" वाटतो. एकदा सोललेली पट्टी परत चिकटवून उपयोग नसतो, आतली क्रिया सुरू झालेली असते.

दिवसाला १२-१५ तास वापर धरला तर ३१२ आठवडाभर, १३ दहा ते चौदा दिवस आणि ६७५ दोन-तीन आठवडे चालावा. मशीनच्या ताकदीप्रमाणे मागेपुढे होतं. पावसाळ्यात कमी भरतं, कारण ज्या भोकातून हवा आत जाते त्याच भोकातून ओलही जाते. सेल फुगतो आणि दारात अडकतो. अडकलेला सेल सुईने किंवा चाकूने उचकटू नका, दाराची कडी मोडते. मशीन उलटं धरून तळहातावर हलकं आपटा, किंवा सेल उचलायचं चुंबक वापरा.

खास सूचना म्हणजे हे सेल शेवटपर्यंत जवळपास एकसारखा दाब देतात आणि मग एकदम बसतात. हळूहळू आवाज कमी होत गेला तर दोष बहुतेक सेलचा नाही, मळाचा किंवा ओलीचा आहे.

फ्रिजमध्ये साठवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर पाणी धरतं. दोन-तीन महिन्यांना पुरतील एवढेच घ्या, पाकिटावरची तारीख बघून. आणि वापरलेला सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा कधीच ठेवू नका. मुलाने गिळला अशी शंका जरी आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक रुग्णालय गाठा.

आगर

हल्ली चार्जिंगवाली मशीन जास्त खपवतात. सेलची कटकट नाही म्हणून वडिलांसाठी घ्यावं का? गाव श्रीवर्धन तालुक्यात.

जांभा

आगर, श्रीवर्धन म्हणालात म्हणून स्पष्ट सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. चार्जिंगचं मशीन एका चार्जवर दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी मुकं. बरोबर ज्या दिवसांत सूचना ऐकू यायला हव्यात, त्याच दिवसांत कान बंद. सेलवाल्या मशीनला सेलची दोन पाकिटं कोरड्या डब्यात असली की महिना निघतो.

याला दुसरी बाजूही आहे. हात थरथरत असतील, बोटांत संधिवात असेल, तर १३ नंबरचा सेल बसवणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. तिथे चार्जिंगवालंच बरं. अशा वेळी चार्जर यूएसबीवर चालतो का ते विकत घेण्याआधी विचारा आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक भरून ठेवा. आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, त्याचा खर्च आणि ती कुठे बदलून मिळते हेही आधीच लिहून घ्या. मशीन कंपनीकडे पाठवावं लागणार असेल तर तेवढे दिवस कानाला काय, हा प्रश्न उरतो.

चिरा

आयपी६८ लिहिलेलं मशीन घेतलं तर ही सगळी डबी-बिबी लागेल का?

खाडीकाठ

लागेल. त्यातला ६ हा आकडा धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. ती चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात घेतात. घाम आणि समुद्राकडचा वारा यांत मीठ असतं. ओल सुकते, मीठ मागे राहतं, आणि सेलच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते, तो गंज. दर आठवड्याला दार उघडून भिंगातून त्या दोन पत्र्या बघा. पूड दिसली तर कोरड्या कापसाच्या काडीने अलगद पुसा. घासून काढायची वेळ आली असेल तर ते काम तंत्रज्ञाकडे द्या. नळीतल्या थेंबाशी आयपीचा काही संबंध नाही, हेही लक्षात घ्या.

कर्णफूल

शिट्टी वाजते म्हणून मशीन कपाटात पडून राहतं, हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात सहज सुटणारं दुखणं. शोध घरीच घेता येतो.

मशीन चालू ठेवून मोल्डसकट कानातून काढा आणि मोल्डचं आवाज येणारं भोक अंगठ्याने घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन आणि नळी ठीक आहे, गळती कान आणि मोल्ड यांच्यामध्ये आहे. मोल्ड सैल झालाय, नीट बसवला नाही किंवा कानात मळाचा गोळा आहे. शिट्टी चालूच राहिली तर मोल्ड सोडवून हुकचं टोक दाबा. आता थांबली म्हणजे नळीला चीर आहे, किंवा ती मोल्डच्या तोंडाशी सुटलीय. तरीही वाजत असेल तर हुक सैल आहे किंवा आतला भाग हललाय, ते दुकानाचं काम.

शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करून देणारे पुष्कळ भेटतात. त्याने शिट्टी जाते आणि ऐकूही येत नाही. मोल्ड बदला. वाढत्या मुलांचा मोल्ड वर्षातून दोन-तीनदासुद्धा बदलावा लागतो. वजन बरंच उतरलेल्या वृद्धांचाही सैल होतो.

नळीचं आयुष्य कोकणात तीन ते सहा महिने. पिवळी पडली आणि वाकवल्यावर कडक लागली की बदलायची. नेहमीची नळी १३ नंबरची, आतला व्यास १.९३ मिमी. जास्त ताकदीच्या मशीनला त्याच नंबरची जाड भिंतीची नळी मागा, पातळ भिंतीतून आवाज झिरपतो आणि शिट्टी सुरू होते. थेंब फार धरत असेल तर ओल न धरणारी खास नळीही येते. काही ऑडिओलॉजिस्ट (कान तपासून मशीन जुळवून देणारे तज्ज्ञ) नळीत गळाच्या तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) बारीक तुकडा घालून देतात, म्हणजे थेंब आडवा न बसता तंगुसावरून पसरतो. हे त्यांच्याकडूनच करून घ्या, तुकडा मोल्डबाहेर आला तर कानाला टोचेल.

मोल्ड आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचा, मशीनपासून पूर्ण वेगळा करून. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, मोल्ड कडक होऊन तडकतो. धुतल्यावर फुग्याने नळी कोरडी करा आणि रात्रभर तसाच ठेवा.

रातांबा

मोल्डमुळे कानात खाज सुटते, त्यावर खोबरेल घातलं तर?

कर्णफूल

नको. दमट हवेत बंद कानात बुरशी लवकर धरते. खाज, दडा, कधी ओल्या कागदासारखा पांढरा-काळा साका. त्यावर तेल घातलं की बुरशी तशीच राहते आणि वर मोल्डची नळी तुंबते. कान-नाक-घसा तज्ज्ञ कान साफ करून बुरशीवरचे थेंब देतात. औषध सांगितलेले दिवस पूर्ण करायचं, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. तेवढे दिवस त्या कानात मोल्ड घालू नका, दुसऱ्या कानावर भागवा. मोल्डला हवेचं छोटं भोक (व्हेंट) पाडून घेता येतं का विचारा, फार ताकदीच्या मशीनला ते चालत नाही. कान सारखा वाहत असेल तर मोल्डच्या मशीनऐवजी हाडातून आवाज पोचवणाऱ्या यंत्राचा पर्याय असतो.

इथेच एक गोष्ट आवर्जून. एखाद्याला एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर "सर्दीने दडा बसला" म्हणून थांबू नका. मळ नसेल तर ती तातडीची अवस्था असू शकते. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त. आजचा दिवस उद्यावर ढकलू नका.

पाणंद

योजनांचं लिहितो. इथे शब्दांची गल्लत फार होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे कर्णबधिर, आणि ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणारा. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर या व्याख्येत बसत नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या रांगेत उभं राहण्याआधी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) हातात असू द्या. तपासणी जिल्हा रुग्णालयात होते: रत्नागिरी शहर, सिंधुदुर्गसाठी ओरोस, रायगडसाठी अलिबाग. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज स्वावलंबनच्या संकेतस्थळावर आधी भरून पावती घेऊन जा.

अ‍ॅडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. एकदा मिळालं की त्याच कारणासाठी तीन वर्षं पुन्हा नाही, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र एका वर्षाने. वयोश्री योजना वेगळी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्रीत ६० वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ वर्षांवरच्यांना, वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असेल तर, एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा होतात. तीन हजारांत चांगलं मशीन येत नाही, पण मोल्ड, नळ्या आणि वर्षाचे सेल त्यात बसवता येतात.

या योजनांच्या वाटप-शिबिराबद्दल एवढंच की पहिल्या दिवशी फक्त मोजमाप होतं, वाटप नंतर. वाटपाच्या दिवशी मशीन घेऊन निघून येऊ नका. कानाचा साचा घेऊन मोल्ड मिळणार आहे का, मशीन तुमच्या ऑडिओग्रामवर बसवलंय का, हमीपत्रावर शिक्का आहे का, हे तिथेच विचारा. तयार रबरी टोपीवर दिलेलं ताकदीचं मशीन शिट्टी मारणारच.

मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. कोकणकन्या किंवा मांडवीने दादरला उतरून पश्चिम रेल्वेने वांद्रे. जुने सगळे ऑडिओग्राम सोबत न्या, नवा एकटा आलेख बघून ऱ्हास वाढतोय की स्थिर आहे हे कळत नाही.

सुरंगी

पाणंद यांनी मुलांचा उल्लेख केला म्हणून जोडते. बाळाची ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असेल तर त्याचं निदान तीन महिन्यांच्या आत, मशीन आणि वाचा-उपचार सहा महिन्यांच्या आत. हे वेळापत्रक जगभरचे तज्ज्ञ सांगतात. ओएई चाचणीत (बाळाच्या कानाची पहिली झटपट तपासणी) "पुन्हा या" असं सांगितलं तर पुन्हा जायचंच, आणि मग बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) करायची. ताट वाजवल्यावर बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं असं धरू नका. ताटाचा आवाज फार मोठा असतो, आणि हादरा हवेतून-जमिनीतूनही कळतो.

मशीन लावलेल्या मुलाची रोज सकाळी एका मिनिटाची तपासणी करा: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाला ओठ दिसू नयेत म्हणून मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात, आधी एका मीटरवरून, मग तीनवरून. मूल ऐकून तोच आवाज काढील किंवा डब्यात चिंचोका टाकील. म आणि ऊ खालच्या पट्टीतले, श आणि स वरच्या. काल स ऐकत होतं आणि आज नाही, तर मुलाला ओरडू नका. नळीत थेंब बघा, सेल बघा, मळ बघा.

नांगर

मासेमारीच्या बोटींबद्दल कोणी लिहिलं नाही. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही यांत्रिक बोटीवर इंजिनाजवळ उभं राहून बोलायला ओरडावं लागतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. रोज आठ तास तेवढ्यात राहिलं तर कान कायमचे उतरतात, आणि आधी वरच्या पट्टीचे जातात. म्हणून माणूस म्हणतो "आवाज येतो, शब्द कळत नाही". चिरेखाणीतल्या कटरवाल्यांचंही तेच.

बोटीवर श्रवणयंत्र बंद करून कानात ठेवणं म्हणजे संरक्षण नव्हे. मशीन काढून कोरड्या डबीत, आणि इंजिनापाशी जाणाऱ्याने कानावर इअरमफ. फोमचे बोळे वापरायचे तर बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला बोळा काही अडवत नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात: जाळं ओढ, थांब, इंजिन बंद. आणि रात्री खुणा दिसाव्यात म्हणून टॉर्च.

आगर

उपयोगी माहिती, नांगरदादा. घरात बोलताना काय पाळावं? पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की वडील म्हणतात, मशीन काढून टाकतो.

कर्णफूल

त्यांचं बरोबर आहे, पत्र्यावरचा पाऊस मशीन इमानाने मोठा करून देतं. समोरचाच आवाज धरणारा प्रोग्राम ऑडिओलॉजिस्टकडून टाकून घ्या आणि बटण कसं दाबायचं ते वडिलांना तिथेच चार वेळा करायला लावा. बसायची जागाही बदला: पडवीपेक्षा माजघरात, पाठ भिंतीला आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. अंतर एक ते दोन मीटर. ओरडू नका, ओरडल्यावर स्वर फुगतात आणि व्यंजनं बुडतात. तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा.

दशावताराला किंवा भजनाला नेलंत तर कर्ण्याच्या बाजूला बसवू नका, रंगमंचासमोर मधोमध, कर्ण्यापासून लांब. शिमग्याच्या ढोलापाशी आवाजाची पायरी खाली आणा.

फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी निवडून ठेवा. डॉक्टरकडे किंवा बँकेत बोलणाऱ्याच्या पुढ्यात फोन धरला की शब्द पडद्यावर येतात. मालवणी किंवा घाईच्या बोलण्यात चुका वाढतात, म्हणून रक्कम, तारीख, औषधाची मात्रा कागदावर लिहून घ्या. रात्री मशीन काढलेलं असताना कंपनावर चालणारं घड्याळ उशीखाली, आणि दाराच्या बेलला दिवा. फोनच्या सेटिंगमधली आपत्कालीन इशाऱ्यांची सूचना कंपनासह चालू आहे ना, तेही बघा.

आगर

सेलवालंच घेतोय, १३ नंबरचं. विकत घेताना आणखी काय बघू?

खाडीकाठ

कमीत कमी दोन-तीन आठवडे घरी वापरून बघू देणारा दुकानदार निवडा. ज्या गावी एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल तिथेच घ्या, कारण पहिल्या तीन महिन्यांत जुळवणीसाठी तीन-चार फेऱ्या होतात. मोल्ड, नळी आणि हुक त्यांच्याकडे शिल्लक असतात का ते विचारा. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात लावला असेल तर कारण विचारा. बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या. आणि निघताना नळीचे दोन जादा तुकडे, एक फुगा आणि एक ब्रश घेऊनच निघा. जूनमध्ये लागतील.